पाठीवरचे बिऱ्हाड
(नभोवाणीवरील भाषण)

सुटी जवळ आली म्हणजे आपल्या वऱ्हाडातील घराघरांतून सातपुड्याची आठवण निघू लागते. अमरावतीकरांच्या तोंडी चिखलदरा व गाविलगड, तर अकोलेकरांच्या तोंडी नरनाळा. सकाळी मोटारीने जाऊन संध्याकाळी परत येणाऱ्या मंडळींविषयी मला आज काही बोलावयाचे नाही. ज्यांना तीन-चार दिवस पायी चालावयाचे आहे, रात्री घराबाहेर काढावयाच्या आहेत, आणि लागणारे सर्व सामान स्वतःच्या पाठीवरून न्यावयाचे आहे, अशा तरुण मुलामुलींविषयी मी बोलणार आहे. आणि त्यांना दारातून निरोप देणाऱ्या आईबापांविषयीही. कारण पिशवी भरण्याच्या कामी मुलांपेक्षा घरच्यांचाच हात अधिक चालतो, हा सर्वांच्या परिचयाचा अनुभव आहे.

पिशवी कशी भरावी हा काय भाषणाचा विषय, असे कोणी म्हणेल. परंतु डोंगरात जी माणसे संकटात सापडतात, त्यांतील पुष्कळांचे संकट आदल्या रात्री घरच्या दिवाणखान्यातच तयार झालेले असते. कोणी नको ते घेतलेले असते, कोणी हवे ते विसरलेले असते, आणि कोणी सगळेच घेतलेले असल्यामुळे दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊल उचलणे त्याला अशक्य झालेले असते. वाट चुकणे, पाय मुरगळणे, ताप भरणे या गोष्टी सर्वस्वी आपल्या हाती नाहीत. पाठीवर काय असावे, हे मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे.

पूर्वी हा प्रश्न सुशिक्षितांना पडत नसे, याचे कारण जरा लाजिरवाणे आहे. इंग्रजी अमदानीत अंमलदारांचे दौरे निघत, तेव्हा त्यांचे सामान गावकऱ्यांच्या डोक्यावरून जाई. मेज, खुर्च्या, स्नानाचे टोपले, काचेची भांडी, सर्व काही. डोंगरातले कोरकू आणि मैदानातले गरीब लोक यांनी ही वेठ मुकाट्याने वाहिली. ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर असले म्हणजे यादीला अंत राहत नाही. ते आपल्या पाठीवर आले म्हणजेच गरज आणि हौस यांतील भेद माणसाला कळू लागतो. म्हणून आपले सामान आपण वाहणे यात व्यायाम आहे तसाच थोडासा न्यायही आहे, असे मला वाटते.

ओझ्याचा डोंगराशी काय संबंध असतो, याचे एक मोठे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १८०३ साली नोव्हेंबरच्या २९ तारखेस अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे मराठ्यांची व इंग्रजांची लढाई झाली, आणि तेथून इंग्रजी फौजा गाविलगडाकडे वळल्या. गडाची दक्षिण बाजू कड्यांची. मोठ्या तोफा लागू करावयाच्या तर उत्तरेकडील चिंचोळ्या बाजूनेच करावयास हव्यात. तेव्हा कर्नल स्टीव्हन्सनच्या पलटणींनी ७ ते १२ डिसेंबर हे दिवस मार्ग फोडण्यात आणि अवजड तोफा व दारूगोळा दऱ्याडोंगरांतून हाताने ओढून नेण्यात घालविले. गड १५ डिसेंबरला पडला. म्हणजे प्रत्यक्ष मारा करण्यास जितके दिवस लागले, त्याहून अधिक दिवस सामान वर चढविण्यात गेले! पुढे वेलिंग्टनचा ड्यूक म्हणून जगभर गाजलेला ऑर्थर वेलस्ली या मोहिमेचा सेनापती होता. त्याच्या विजयाचे श्रेय इतिहासकार कोणास द्यावयाचे ते देवोत. सातपुड्याने मात्र प्रत्येक शेराचा हिशेब घेतला, एवढे निश्चित.

आणि याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आपल्याच मातीतील एक पुरुष उभा आहे. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेले, आणि १९५६ साली वलगावजवळ वाटेवरच ज्यांनी देह ठेवला, ते गाडगेबाबा. अंगावर चिंध्या जोडून केलेले वस्त्र, हाती खराटा आणि एक मातीचे गाडगे. भिक्षा घेण्यास तेच, पाणी पिण्यास तेच, आणि उन्हात डोक्यावर पालथे घालण्यासही तेच. एका वस्तूकडून तीन कामे करून घेण्याची ही हातोटी जगातील कोणत्याही गिर्यारोहकाने शिकावी अशी आहे. आपण संसारी माणसे. बाबांची बरोबरी आपण करावी असे मी म्हणणार नाही. परंतु पिशवीत पडणाऱ्या प्रत्येक वस्तूला, ‘तू आणखी काय काम करशील?’ असा प्रश्न विचारण्याची सवय त्यांच्यापासून घेण्यास काही हरकत नाही.

आता प्रत्यक्ष हिशेबाकडे वळू. ओझे किती असावे? धडधाकट तरुणाने आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक वजन पाठीवर घेऊ नये, हा चांगला नियम आहे. ६० किलो वजनाच्या मुलाला १२ किलो ही मर्यादा झाली. चालण्याची सवय नसेल तर त्याहूनही कमी. शाळकरी मुलांच्या बाबतीत तर, २०२० साली केंद्र सरकारने दप्तराचे जे धोरण ठरविले, त्यात रोजच्या दप्तरासाठीसुद्धा वजनाचा दहावा हिस्सा एवढीच मर्यादा घातलेली आहे. ती सपाट रस्त्यावरच्या शाळेसाठी आहे, घाटासाठी नव्हे, हे ध्यानात घ्यावे.

बारा किलो हा आकडा ऐकावयास मोठा वाटतो, पण तो फार लवकर भरतो. रिकामी सॅकच दीड किलोची असते. अंथरूण, पांघरूण व मच्छरदाणी मिळून दोन किलो. कपडे दीड किलो. पावसाचा बंदोबस्त अर्धा किलो. चौघांत मिळून एक ताडपत्री घेतली तर आपल्या वाट्याची अर्धा किलो. तीन दिवसांचा कोरडा शिधा दोन किलो, भांडी अर्धा किलो, दोन लिटर पाण्याचे दोन किलो, आणि विजेरी, औषधे, दोरी, चाकू वगैरे किरकोळ सामानाचा एक किलो. बेरीज करून पाहा: साडेअकरा किलो झाले. अर्धा किलो काय तो उरला. तेव्हा ऐन निघण्याच्या वेळी, ‘राहू दे न बाप्पा, कामी पडते,’ असे म्हणून आजी जो लाडवांचा डबा पुढे करते, तो स्वीकारावा की नाही याचा निर्णय ज्याने त्याने आपल्या गुडघ्यांना विचारून करावा. माझे मत विचाराल तर लाडू घ्यावेत आणि डबा घरी ठेवावा.

कपड्यांच्या प्रकरणी मी जे सांगणार आहे ते वऱ्हाडी माणसाला रुचणे कठीण आहे. आपला प्रांत कपाशीचा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी माजली आणि तिकडील कापूस बंद झाला, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाने विलायतेच्या गिरण्यांना आधार दिला व आपल्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. अंगावर सुती कापड घालणे हे आपल्याला श्वासोच्छ्वासासारखे स्वाभाविक आहे. उन्हाळ्यात ते योग्यही आहे. अकोल्याचा पारा वैशाखात ४५ अंशांच्या वर जातो. त्या वेळी सैल सुती सदरा घाम शोषून घेतो, तो घाम हळूहळू वाळतो आणि वाळताना अंगातील उष्णता घेऊन जातो. एरवी उपकारक असणारा हा गुणच डोंगरावरच्या पावसात आणि थंडीत वैरी होतो.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कपडा स्वतः ऊब देत नसतो; त्याच्या धाग्यांत जी हवा अडकून राहते ती ऊब राखते. सुती कापड भिजले म्हणजे त्या हवेची जागा पाणी घेते, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. शिवाय सूत आपल्या वजनाहून अधिक पाणी धरून ठेवते व ते सोडावयास तयार नसते. मुलांच्या आवडीची जाड निळी जीन्स एकदा भिजली की दमट हवेत दोन दोन दिवस वाळत नाही, आणि तिचे ओझे मात्र पायांना बांधलेले राहते. लोकरीची गोष्ट निराळी. लोकर ओलावा आपल्या धाग्याच्या आत घेते. वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा पाणी प्यायली तरी हाताला ती फारशी ओली लागत नाही, आणि भिजूनही ती बरीच ऊब टिकवून धरते. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ पीतच नाही. म्हणून ते झटकले की लवकर वाळते. मात्र त्याला घामाची दुर्गंधी लवकर धरते आणि चुलीची ठिणगी पडली तर ते वितळून अंगाला चिकटते, म्हणून विस्तवापाशी ते घालून बसू नये.

‘आपल्या वऱ्हाडात कसली आली थंडी?’ असे विचारणारास चिखलदऱ्याची उंची सांगावी. अमरावती समुद्रसपाटीपासून सुमारे ३४० मीटरवर, तर चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर आहे. दर हजार मीटरला हवा सहा-साडेसहा अंशांनी थंड होते, या हिशेबाने वरची हवा खालच्यापेक्षा पाच अंशांनी थंड. पौष-माघात तेथे रात्री पारा १० अंशांच्या खाली उतरतो, आणि पावसाळ्यात दिवस दिवस धुके व वारा. अंगातील ऊब घसरून माणूस दगावण्यास बर्फच पडावा लागते, ही समजूत चुकीची आहे. १० ते १५ अंशांची हवा, ओले कपडे, वारा, थकवा आणि रिकामे पोट एवढी सामग्री त्यास पुरते. प्रथम हुडहुडी भरते. मग बोलणे अडखळते, हातांची बोटे गाठ सोडू शकत नाहीत, चाल लटपटते. आणि पुढे हुडहुडी थांबली तर ते बरे वाटण्याचे लक्षण नसून धोक्याचे आहे. अशा वेळी सोबत्याला वाऱ्याच्या आड न्यावे, ओले कपडे काढून कोरडे चढवावे, पांघरुणात गुंडाळावे, शुद्धीवर असेल तर गरम व गोड पेय पाजावे, आणि लगोलग माणसांच्या वस्तीकडे व डॉक्टरांकडे नेण्याची तजवीज करावी. परंतु हे सर्व करावयाचे तर पिशवीत कोरडा कपडा असावयास हवा. म्हणजे गोष्ट पुन्हा पिशवीवरच येते.

सबब कपड्यांचा नियम असा: एक जोड चालण्याचा, एक जोड निजण्याचा. चालण्याचा जोड भिजो, मळो, घामेजो. निजण्याचा जोड काही झाले तरी कोरडा राहिला पाहिजे. सकाळी ओला सदरा पुन्हा अंगात घालणे जिवावर येते, आणि कोरडा घालण्याचा मोह अनावर होतो. पण जो तो मोह आवरतो, तोच दुसऱ्या रात्री सुखाने झोपतो. चालण्यासाठी लांब बाह्यांचा लवकर वाळणारा सदरा आणि सैल, पूर्ण लांबीची विजार. मुलांनी तशीच आणि मुलींनीही तशीच. निजण्यासाठी दुसरा सदरा-पायजमा व अंगभर लोकरीचा स्वेटर. कानटोपी एक, कारण ती वजनाच्या मानाने फार ऊब देते. पायमोजे तीन जोड. आतले कपडे दोन जोड जास्त. आणि आपला नेहमीचा पांढरा सुती दुपट्टा मात्र अवश्य घ्यावा. उन्हात तो डोक्याला व तोंडाला बांधता येतो, अंग पुसता येते, गढूळ पाणी गाळता येते, दुखावलेला हात गळ्यात अडकविता येतो. सुताची निंदा एवढा वेळ केल्यावर त्याचे हे ऋण मान्य केलेच पाहिजे. मुलींच्या पिशवीत त्यांच्या मासिक पाळीचे सामान, ते दिवस नसले तरी, असावेच. चालण्याच्या श्रमाने दिवस मागेपुढे होतात.

लांब बाह्यांचा आग्रह केवळ काट्यांसाठी नाही. पावसाळा सरता सरता गवतात व झुडपांत एक अतिसूक्ष्म किडा असतो. त्याच्या पिलांच्या चाव्यातून स्क्रब टायफस नावाचा ताप होतो. २०१८ साली नागपुरात व विदर्भात या तापाने पुष्कळ लोक आजारी पडले आणि काही दगावले. ताप चावा झाल्यावर साधारण एक-दोन आठवड्यांनी येतो, तोवर सहलीची आठवण मागे पडलेली असते. म्हणून गवतात उघड्या अंगाने लोळू नये, सदरा झुडपावर वाळत घालू नये, आणि परत आल्यावर तीन आठवड्यांच्या आत ताप आला तर आपण रानात जाऊन आलो होतो हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. अंगावर कोठे काळी खपली दिसली तर तीही दाखवावी. वेळेवर ओळखला तर हा ताप साध्या औषधाने बरा होतो.

आता अंथरूण-पांघरूण. आपल्याकडे घोंगडीचा मान मोठा. मेंढपाळ धनगर पावसापाण्यात तिच्यावरच निभावतो, आणि पंढरीचा वारकरीही तिचा आधार घेतो. चांगली घोंगडी दोन किलोंच्या आसपास भरते. भिजली तर तिचे वजन पुष्कळच वाढते. गाडीबैल किंवा दिंडीचा ट्रक बरोबर असेल त्याने ती खुशाल घ्यावी. पाठीवर नेणाऱ्याला मात्र हलकी स्लीपिंग बॅग, अथवा हिवाळा कडक नसेल तर दोन पातळ लोकरीच्या शाली पुरतात. जमिनीचा गारवा वरच्या हवेपेक्षा अधिक ऊब ओढून घेतो. म्हणून अंगाखाली फोमची चटई हवीच. पांघरूण जाड आणि अंथरूण पातळ, अशी चूक करू नये.

मच्छरदाणी ही चैन नव्हे. मलेरिया व डेंग्यू यांचे कारण तर आहेच, पण दुसरे एक कारण त्याहून गंभीर आहे. मण्यार हा सर्प रात्री हिंडतो आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला दंश करतो. दंशाची जागा पुष्कळदा दिसत नाही, वेदनाही फारशी नसते. पहाटे पोट दुखते, पापण्या मिटू लागतात, आणि श्वास अडतो. चहूबाजूंनी अंथरुणाखाली खोवलेली मच्छरदाणी हे मण्यारीपासून संरक्षणाचे उत्तम साधन आहे. तिचे वजन सुताच्या दोन सदऱ्यांएवढेही नाही. खोवायला मात्र विसरू नये. नुसती टांगलेली मच्छरदाणी डास अडवील, मण्यार नव्हे. रात्री उठावे लागले तर विजेरी लावल्याशिवाय पाय खाली ठेवू नये, आणि सकाळी जोडे उपडे करून झटकल्याशिवाय घालू नयेत. विंचवाला ती जागा फार आवडते.

पायांविषयी थोडक्यात सांगतो. नवा जोडा सहलीला नेणे म्हणजे फोडांना आमंत्रण देणे. जोडा निदान महिनाभर वापरात असावा, आणि पायमोज्यांसह घालून पाहिलेला असावा. कोठे चुरचुरू लागताच, फोड येण्यापूर्वीच थांबून तेथे चिकटपट्टी लावावी. पाच मिनिटांच्या या थांब्याने पुढचे तीन दिवस वाचतात. मुक्कामी घालण्यास हलक्या चपला घ्याव्यात.

शिध्याच्या बाबतीत आपल्या आज्या-पणज्यांचे शहाणपण अजून कामाचे आहे. प्रवासाला निघताना त्या दुधात पीठ भिजवून दशम्या करीत, कारण पाण्याऐवजी दूध घातल्याने त्या अधिक टिकत व मऊ राहत. पहिल्या दोन जेवणांसाठी दशम्या आणि जवसाची कोरडी चटणी यांसारखे दुसरे अन्न नाही. पुढच्या दिवसांसाठी भाजके शेंगदाणे, गूळ, फुटाणे, खारीक, सातूचे पीठ, आणि एका वेळेच्या खिचडीचे डाळ-तांदूळ मीठ-मसाला मिसळून स्वतंत्र पुड्यांत. काचेची बरणी, पत्र्याचे मोठे डबे, लोणच्याचे तेल, हे सर्व घरी. चौघांत एक पातेले, आणि प्रत्येकी एक ताट, एक पेला, एक चमचा.

पाण्याला पर्याय नाही आणि त्याचे वजनही कमी करता येत नाही. एक लिटर म्हणजे एक किलो. चालण्याच्या दिवशी माणसाला तीन-चार लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात अधिक. ते सर्व घरून नेणे शक्य नाही. म्हणून दोन लिटर जवळ ठेवावे आणि पुढचे पाणी कोठे मिळेल याची चौकशी आधीच करून ठेवावी. सातपुड्यातील पुष्कळ नाले फाल्गुनापासून आटतात. नरनाळ्यासारख्या गडावरील तळ्यांचे पाणी दिसावयास सुंदर असले तरी तसेच पिऊ नये. चांगली उकळी फुटेपर्यंत तापवावे, अथवा क्लोरिनची गोळी टाकून अर्धा तास ठेवावे. जुलाब झाले किंवा घामाने गळून गेल्यासारखे वाटले तर एक लिटर शुद्ध पाण्यात सपाट सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, चहाच्याच चमच्याने, हे माप लक्षात ठेवावे. तयार पुड्या चार-पाच जवळ असल्या तर उत्तमच.

औषधांच्या पेटीत याशिवाय तापावरची गोळी, जखम धुण्याचे औषध, पट्ट्या, कापूस, लांब कापडी पट्टी, आणि ज्याचे त्याचे रोजचे औषध. ज्याला दमा वा मधुमेह आहे त्याने ही गोष्ट निदान एका सोबत्याच्या कानावर घालावी. आपले औषध पिशवीच्या कोणत्या कप्प्यात आहे हे दुसऱ्यास ठाऊक नसेल, तर ते औषध असून नसल्यासारखे आहे.

पिशवी भरण्यालाही शास्त्र आहे. अगदी तळाशी अंथरूण-पांघरूण, कारण ते रात्रीच लागते आणि हलके असते. जड वस्तू, म्हणजे शिधा, भांडी, पाणी, मध्यभागी आणि पाठीला लागून. जड वस्तू बाहेरच्या बाजूला गेली तर पिशवी मागे ओढते आणि माणूस दिवसभर पुढे वाकून चालतो. पावसाचा अंगरखा, विजेरी व औषधे अगदी वर. कमरेचा पट्टा असा आवळावा की ओझ्याचा बराच भाग खांद्यांवरून उतरून कमरेच्या हाडांवर यावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पिशवीच्या आत प्रथम एक मोठी, जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून तिच्यात सर्व सामान भरावे व तिचे तोंड पिळून बांधावे. बाहेरून घातलेले आवरण मुसळधार पावसात पाठीच्या बाजूने पाणी आत घेतेच. आतली पिशवी घेत नाही. निजण्याचा कोरडा जोड तिच्यातही आणखी एका पिशवीत असावा.

एवढे झाल्यावर आठ दिवस आधी ही भरलेली पिशवी पाठीवर घेऊन गावाबाहेर दहा-बारा किलोमीटर चालून यावे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालापासून आपल्या मुलांची शरीरे घडवीत आले. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी तेथील पथकाने भारतीय खेळ जगाला दाखविले. तेव्हा तालमीचे महत्त्व वऱ्हाडी माणसाला मी सांगावे असे नाही. तालमीशिवाय आखाड्यात कोणी उतरत नाही. डोंगरात मात्र लोक खुशाल उतरतात. घरी परतल्यावर पिशवीतील प्रत्येक वस्तू जमिनीवर मांडावी आणि घरच्या मंडळींसमोर तिची उलटतपासणी करावी. आई काही वस्तू राखू पाहील, मुलगा काही टाकू पाहील. त्या वादातून जी यादी उरेल ती बहुधा बरोबर असते.

एक वस्तू अशी आहे की जिला वजन नाही आणि तिच्यावाचून निघू नये. ती म्हणजे परवानगी. १९७३-७४ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ अरण्यांत आपले मेळघाट होते. त्या राखीव वनात वाटेल तेथे पायी हिंडणे व मुक्काम करणे यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. सेमाडोह, कोलकास, शहानूर अशा ठिकाणी वनखात्याने सोय केलेली आहे. कोणती वाट मोकळी, कोठे वाटाड्या सक्तीचा, कोठे रात्री राहता येईल, हे खात्याकडे आधी विचारून मगच मार्ग आखावा. तो मार्ग, मुक्कामांची नावे आणि परतण्याची वेळ कागदावर लिहून घरी ठेवावी. मेळघाटातील कित्येक दऱ्यांत मोबाइलला रेंज मिळत नाही. ठरल्या वेळी मुलगी परतली नाही तर कोठे व कोणाला विचारावे, हे आईला ठाऊक असले पाहिजे. एवढा कागद हाती असला म्हणजे तीन रात्री तिलाही झोप लागेल.

शेवटची सूचना परतीच्या ओझ्याविषयी. शिधा संपलेला असतो, पाणी संपलेले असते, पिशवी निम्मी झालेली असते. त्या रिकाम्या जागेत आपला केरकचरा, पुड्यांचे कागद, प्लॅस्टिक, सर्व काही परत आणावे. आणि वाटेत दुसऱ्याने टाकलेले काही दिसले तर तेही उचलावे. आपल्याकडे खराट्याचे एवढे मोठे शिक्षण होऊन गेले असताना गाविलगडाच्या दरवाज्यात बाटल्या पडलेल्या असाव्यात हे आपल्याला शोभत नाही.

श्रोतेहो, चार दिवसांचे बिऱ्हाड बारा किलोंत बसते, आणि माणूस त्यात सुखाने राहू शकतो, हे एकदा स्वतःच्या पाठीने अनुभवावे. जी मुले हे करतील त्यांच्या पाठी सरळ राहोत, मोजे कोरडे राहोत, आणि ती ठरल्या दिवशी घरी परतोत, एवढी इच्छा प्रकट करून मी आपली रजा घेतो.